जपमाळेतला बाबांचा वाटा

ऑक्टोबर आला की नागपूरला नेमकं कसं वागावं ते सुचत नाही. पाऊस निघून गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मे महिन्यातलं थोडं ऊन कुठेतरी शिल्लक राहिलं होतं असं वाटावं इतकं ते भर दुपारी अंगावर येतं. ताडपत्रीत बांधून ठेवलेला कूलर पुन्हा सोडायचा की दिवाळीपर्यंत कळ काढायची, यावर घराघरांत चर्चा चालते. आमच्या नंदनवनच्या चौकात हातगाड्यांवर उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग लागतात. संत्री येतात, पण अजून हिरवी, दात आंबवणारी. संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या बुचाच्या झाडाखालून स्कूटर काढली की लांब देठांची पांढरी फुलं चाकाखाली येतात आणि तो मंद वास घराच्या फाटकापर्यंत सोबत करतो.

आम्हा कॅथलिकांसाठी हा जपमाळेचा महिना. मारियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एकेका घरी जाते, आसपासची मंडळी जमतात, मेणबत्त्या लागतात, माळ म्हटली जाते, शेवटी चहा आणि चिवडा. ज्यांनी कधी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही प्रार्थना दोघांत वाटलेली असते. एक जण अर्धी म्हणतो, 'नमो मारिये, कृपापूर्णे' अशी सुरुवात करतो. बाकीचे उरलेली अर्धी म्हणतात, 'पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हां पापी माणसांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर.' मग पुढचा मणी, आणि पुन्हा तेच. दहा मणी झाले की एक टप्पा संपतो. असे पाच टप्पे.

या महिन्यात बुचाचा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवतो. तसं पाहिलं तर तो वाईट दिवसांनी सुरू झाला होता. तरी आठवण आली की मला आधी हसू येतं.

माझे बाबा सावनेरकडच्या कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते. सरदार म्हणजे घोड्यावरचा नव्हे. खाणीच्या पोटात उतरणाऱ्या एका पाळीच्या माणसांवर लक्ष ठेवणारा. छत ठोकून बघायचं, हवा तपासायची, आणि धोका वाटला तर मशिनच्या आवाजावर आवाज चढवून सगळ्यांना मागे बोलवायचं. त्यामुळे बाबांचा आवाज घरातही खाणीतलाच असायचा. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे नंदनवनला आले आणि पहिल्या आठवड्यातच गल्लीतल्या सगळ्यांना कळलं की साळव्यांकडे कुणीतरी आलंय. भाजीवाल्याशी भाव करताना ते कोथिंबिरीपासून सुरू व्हायचे आणि देशाच्या कारभारापर्यंत जायचे. टीव्हीवरच्या क्रिकेटच्या पंचाला त्यांचे सल्ले चालू असत. आई गेल्यावर मला वाटलं होतं, आता हे गप्प होतील. उलट त्यांचं बोलणं वाढलं. आईच्या वाट्याचंही आता तेच बोलतात, असं माझी बायको एलिस म्हणायची.

त्या सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी चहा पिताना बाबांच्या उजव्या हातातून कप सुटला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि आत शब्दच नव्हता. पक्षाघाताचा झटका होता. रामदासपेठेतल्या इस्पितळात आम्ही लवकर पोहोचलो, म्हणून पाय वाचला, हातही बराचसा वाचला. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त शब्द सापडत नाहीयेत. परत येईल का, किती येईल, हे आज सांगता येणार नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबा घरी आले ते एकच शब्द घेऊन. 'नाही.' चहा हवा का? नाही, आणि हात कपाकडे. पंखा बंद करू? नाही, आणि बोट बटणाकडे. पोट भरलं का, असं एलिसने विचारलं की नाही म्हणत ताट सरकवून द्यायचे. एकदा त्यांना बहुधा माझं कौतुक करायचं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे भरून आले, आणि म्हणाले, "नाही." मला हसावं की रडावं ते कळेना. मग बाबाच हसले. पण सकाळी मी ऑफिसला निघताना पाहायचो, ते गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले असत. भाजीवाला खालून जात असे. बाबा कठड्यावरून वाकून बघत, ओठ हलवत, आणि मागे टेकून बसत. भाजीवालाही वर बघून न ओरडताच पुढे जाई. ती शांतता मला इस्पितळापेक्षा जास्त भीती घालायची.

बोलण्याचा सराव घेणाऱ्या एक तरुण मॅडम आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी सांगितलं, जे आपण विचार करून बोलतो आणि जे तोंडपाठ असतं ते मेंदूच्या एकाच कप्प्यात नसतं. आकडे, वारांची नावं, गाणी, प्रार्थना, यातलं काही बाबांच्या तोंडात कदाचित शाबूत असेल. रोज काय म्हणायचे ते?

मी एलिसकडे पाहिलं, एलिसने माझ्याकडे. रोज ते फक्त बोलायचे. आकड्यांचा प्रयोग झाला. नाही. वार झाले. नाही. गाणं बाबांना कधीच येत नव्हतं. प्रार्थना हे आमच्या घरात आईचं खातं होतं.

मग सावनेरची ती क्वार्टर आठवली. दोन खोल्या, दारात पेरूचं झाड, भिंतीवर मारियामातेची तसबीर. दिवसपाळी करून आलेले बाबा अंघोळ करून, तरीही कानामागे कोळशाची काळी रेघ ठेवून, चटईवर भिंतीला टेकून बसत. आई पुढे बसून माळ म्हणायची, मी आणि मोनिकाताई तिच्या दोन बाजूंना. दुसऱ्या टप्प्यात बाबांची मान खाली जायची, तिसऱ्यात घोरणं सुरू व्हायचं. पण गंमत अशी की आईने आपली अर्धी प्रार्थना संपवली की घोरणं थांबायचं, बाबा झोपेतच 'पवित्र मारिये' पासून आमेनपर्यंत म्हणायचे आणि पुन्हा घोरायला लागायचे. ताई आणि मी तोंडात रुमाल कोंबून हसायचो. इतकी वर्षं त्यांनी ते म्हटलं होतं, आणि फक्त तेवढंच. पहिली अर्धी त्यांनी कधी म्हटलीच नव्हती. ती आईची.

म्हणजे आता ती कुणीतरी म्हणायला हवी होती.

इथे माझी अडचण सुरू झाली. रोज करायची कुठलीही गोष्ट माझ्या हातून टिकत नाही. सकाळचं फिरणं, पाण्यात भिजवलेले बदाम, इंग्रजी पेपर, सगळ्यांची सुरुवात जोरात आणि शेवट आठवड्याभरात. रविवारी चर्चला जाणं एवढाच माझा धर्म, तोही एलिस ओढून नेते म्हणून. पहिल्या दिवशी मी आईची माळ शोधून काढली, बाबांसमोर खुर्ची घेतली आणि पाच टप्प्यांत येशू-मारियेच्या आयुष्यातल्या कुठल्या प्रसंगांचं मनन करायचं तेच मला आठवेना. मोबाईलमध्ये पाहून सुरू केलं. माझी अर्धी संपली, मी थांबलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. मग दुसरी अर्धीही मीच म्हटली. असे पाच टप्पे. खुर्चीवरून उठलो तेव्हा विमा ऑफिसातली सगळी थकलेली प्रकरणं हातावेगळी केल्यासारखा दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उशीर झाला. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. चौथ्या दिवशी केलं, पाचव्या दिवशी विसरलो. एलिस काही बोलली नाही. तिचं न बोलणं आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकू येतं.

खालच्या मजल्यावर मेश्राम काकू राहतात. निवृत्त शिक्षिका, एकट्या, कडक इस्त्रीची सुती साडी. रोज संध्याकाळी त्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून वंदना म्हणतात. जिन्यातून जाताना त्यांचा संथ आवाज ऐकू येतो. बाबांचं आणि त्यांचं चांगलं जमायचं, कारण दोघांनाही एकमेकांचं म्हणणं कधी पटायचं नाही. त्या बाबांना भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, एवढी वर्षं रोज हे कसं काय जमतं. त्यांनी मलाच विचारलं की मी कितीला बसतो. मी म्हटलं, साडेसातला बसायचं ठरवलंय.

"मंग कसं जमन गा," काकू म्हणाल्या. "साडेसातले तू कुठीही राहू शकतोस. मी घड्याळ पाहतच नाही. दूध तापवलं, गॅस बंद केला, का बसली. दूध तं रोजच तापवा लागते ना."

आमच्याकडेही दूध संध्याकाळी येतं. त्या दिवसापासून मी दूध तापवायचं काम एलिसकडून मागून घेतलं. पातेलं उतरवलं, बर्नर बंद केला, हात पुसले आणि बाबांसमोर जाऊन बसलो. दुधावर साय धरेपर्यंत माळ संपायची. ठरवावं लागेना. काल ठरवलं होतं का, आज मन आहे का, हे प्रश्नच उरले नाहीत. दूध आलं की माळ आली. पाहुणे असले तर पाहुण्यांसमोर. एकदा विम्याचा एजंट बसला होता, तोही बिचारा हात जोडून बसून राहिला.

बाबा मात्र तसेच. ऐकायचे, कधी माळेचं दुसरं टोक बोटांत धरायचे, आणि शेवटी नाही म्हणायचे. मला शंका येऊ लागली. देवाशी बोलतोय की व्यायाम करून घेतोय? चर्चचे फादर गोव्याकडचे, मराठी मोजकं बोलणारे. एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. प्रार्थनेचा असा वापर करणं बरं दिसतं का, असंही विचारलं. फादर म्हणाले, चालू ठेवा, कशासाठी ते मागाहून बघू. एवढंच बोलून ते सायकल स्टँडकडे कुणाला तरी हाक मारत निघून गेले.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. एलिस आत करंज्यांचं सारण भाजत होती. आमच्याकडे त्या नाताळला होतात, पण शेजारणींबरोबर एक घाणा दिवाळीतही. मी दूध उतरवून बसलो होतो. दुसऱ्या टप्प्यात असू. मी माझी अर्धी म्हटली आणि खिशातला फोन वाजला. ताईचा होता. तो बंद करण्यासाठी मी मान खाली घातली, बटण सापडेना, क्षणभर गोंधळलो. म्हणजे पहिल्यांदाच मी माझी अर्धी संपवून त्यांच्या तोंडाकडे न बघता गप्प राहिलो होतो.

आणि समोरून आवाज आला. खाणीतला. "पवित्र मारिये, देवाच्या माते." मी मान वर केली नाही. भीती वाटली की पाहिलं तर थांबतील. शब्द जरा घासत, एकमेकांना धरून येत होते, पण एकही गळाला नाही. आमेनपर्यंत आले. आतून झारा घेऊन एलिस दारात येऊन उभी राहिली होती. मी माझी पुढची अर्धी म्हटली. बाबांनी त्यांची म्हटली. पुन्हा मी, पुन्हा ते. सारण करपल्याचा वास आला तरी आमच्यापैकी कुणी हललं नाही.

माळ संपल्यावर मी बाबांचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, बाबा, बोललात ना?

"नाही," बाबा म्हणाले, आणि आपल्याच उत्तरावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या संध्याकाळनंतर कुणाला मला आठवण करून द्यावी लागली नाही. पण रोजच असं काही झालं असं समजू नका. बहुतेक दिवस काहीच व्हायचं नाही. तेच शब्द, तेच मणी, पंख्याची तीच करकर. माझं मन ऑफिसात जायचं, भांडणं उकरायचं, गाडीच्या पंक्चरकडे जायचं. आधी मी स्वतःवर चिडायचो. मग हळूहळू ध्यानात आलं की मन भटकून आलं तरी शब्द जागेवरच असतात. आपण कुठूनही परतावं, तिथे बोटाखाली एक मणी आहे आणि समोर बाबा आहेत. कंटाळ्याच्याही पलीकडे एक जागा असते. आई तिथे रोज जाऊन बसत असणार, हे मला त्या वयात काय कळणार? तिच्या दोन बाजूंना आम्ही भावंडं हसत होतो.

आणि मग ती प्रार्थना सुटी व्हायला लागली. पहिला शब्द सुटला तो 'आता'. एका सकाळी चहाला उशीर झाला होता. बाबा टेबलाशी बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, शोधलं, आणि म्हणाले, "आता." एलिसने गॅसकडे धाव घेतली. तिने नंतर सांगितलं की इतक्या वर्षांत सासऱ्यांनी चहा मागितल्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. पुढे काही दिवसांनी 'विनंती' सुटला. पाणी हवं असलं की बाबा पेल्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "विनंती." आयुष्यभर हुकूम सोडलेला माणूस एकदम दरबारी झाला.

तिसरा शब्द मात्र माझ्यावर आला. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी ऑफिसातल्या लोकांबरोबर मी परस्पर जेवायला गेलो. घरी आलो तर बाबा खुर्चीत, माळ हातात. मी सबब सांगू लागलो. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि स्पष्ट, ठणठणीत आवाजात म्हणाले, "पापी."

सरावाच्या मॅडम हे ऐकून इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या की शब्द तोंडात होता हे एक, पण योग्य माणसाला लावला म्हणजे आता तो शोधून आणलेला आहे. त्यानंतर पंच पापी झाला, वीज गेली की वीज पापी, आणि कोथिंबिरीची जुडी बारीक निघाली तेव्हा भाजीवालाही. गॅलरीतून ती हाक ऐकून भाजीवाल्याने गाडी तिथेच थांबवली, वर पाहिलं आणि हात उंचावून म्हणाला, "आले का गा साळवेबाबा, लय दिवस झाले तुमच्या शिव्या खाऊन." बाबांनी कठडा घट्ट धरला होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेतही कधी पाहिलं नव्हतं.

बाकी सगळं हळूहळू आलं. डॉक्टर म्हणतात, त्यात औषधांचा वाटा आहे, सरावाचा आहे, आणि काही भाग सुदैवाचा. मी वाद घालत नाही. काही शब्द अजूनही येत नाहीत. लिंबाला बाबा 'ते आंबट' म्हणतात, आणि माझं नाव घ्यायच्या आधी ताईचं घेतात. पण वाक्यं येतात, लांबच लांब येतात. मेश्राम काकूंशी वाद पुन्हा सुरू झाले. परवा काकू मला जिन्यात म्हणाल्या की तुझे बाबा आजारी होते तेव्हा माझं म्हणणं निदान पुरं होत होतं. आणि लगेच डब्यातून बाबांसाठी बेसनाची वडी काढून दिली.

मधल्या काळात मला एक भीती होती, कुणाला सांगितली नव्हती. बाबांसाठी सुरू केलेलं हे, बाबा बरे झाले की माझ्या इतर सगळ्या गोष्टींसारखं गळून पडणार. म्हणून यंदा ऑक्टोबर लागताच ताई बाबांना थोडे दिवस सावनेरला न्यायला आली, तेव्हा मी जरा धास्तावलोच. तिच्या वस्तीत मूर्ती घरोघर फिरणार होती आणि जुने खाणवाले बाबांना भेटायला उत्सुक होते. बाबा नवा शर्ट घालून, पुढच्या सीटवर बसून, आम्हाला घर सांभाळायच्या सूचना देत गेले.

त्या संध्याकाळी एलिस चर्चच्या महिला मंडळाच्या बैठकीला गेली होती. दूध आलं. मी तापवलं, उतरवलं, हात पुसले आणि जाऊन बसलो. समोर रिकामी खुर्ची. माझी अर्धी म्हटली आणि सवयीने थांबलो. पंखा करकरला. बाहेर कुणीतरी मुलाला घरी बोलवत होतं. क्षणभर वाटलं, पुरे, उद्या बघू. मग माझं तोंड आपोआप पुढे गेलं, 'पवित्र मारिये'. ती अर्धी मी तीन वर्षं रोज ऐकली होती, पण स्वतः म्हटली नव्हती, पहिल्या त्या वैतागलेल्या दिवसांनंतर. आता दोन्ही म्हटल्या. विचारणाराही मी, उत्तर देणाराही मी. आईसाठी एक टप्पा म्हटला, ज्यांच्यासाठी कुणी म्हणत नाही त्यांच्यासाठी एक. घाई नव्हती. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, कसलाही निकाल हवा नव्हता. संपली तेव्हा खोलीत थोडा अंधार झाला होता, आणि दिवा लावायला उठावंसं वाटत नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

तेवढ्यात सावनेरहून बाबांचा फोन आला. मला वाटलं, माळ केली का म्हणून विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांच्या पाळीतला एक जुना गडी भेटायला आला होता, त्याचे सगळे दात गेले होते, आणि तरी तो भुट्टा मागत होता. तिथून गोष्ट त्याच्या लग्नापर्यंत गेली, लग्नातून खाणीतल्या एका गळक्या पंपाकडे, पंपावरून ताईच्या हातच्या भाजीत मीठ काहून कमी असते इकडे. मधे एखादा शब्द अडला की बाबा थांबायचे, तो मिळाला नाही तर वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने पुढे निघायचे. मी फोन कानाला लावून गॅलरीत येऊन उभा राहिलो. खालची दुकानं उजळली होती, हवा आता कुठे जरा गार होत होती. मला हूं म्हणायलाही फट सापडेना. बाबा बोलून राहिले होते, आणि मी ऐकून राहिलो होतो.